सागवानी भुईच्या रक्षणाची आणि सात पावलांची हकीकत

श्री उंबरठा प्रसन्न. श्री वास्तुपुरुष समर्थ. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध तृतीया, ते दिवशी तिसऱ्या मजल्यावरील राज्यात सागवानी भुईची स्थापना जाहली, तेथपासोन भाद्रपदात गौरी बसल्या तेथवर जे जे घडले ते यथास्थित लिहिले आहे, पदरचा मीठमसाला बेताचाच घातला आहे. राज्य लहान, परंतु आटोपशीर. पूर्वेस जिना, पश्चिमेस खिडकी, दक्षिणेस मुदपाकखाना, उत्तरेस शेजाऱ्याची भिंत, आणि मध्ये दिवाणखाना, तोच राज्याचा प्राण. राजे अच्युतराव, उमर सहासष्ट, चाकरीतून मोकळे जाहलेले, स्वभावे गोड, परंतु एकदा मनाने घेतले की ब्रह्मदेवाचेही ऐकावयाचे नाहीत. राणीसाहेब हेमलताबाई, बोलणे थोडे आणि पाहणे फार. प्रजा म्हणावी तर धुण्याभांड्याच्या द्वारकाबाई एकट्या, आणि त्याही राज्यकर्त्यांहून अधिक हुकूम करणाऱ्या. संवत्सराचे नाव क्रोधी खरे, परंतु राज्यात क्रोध फारसा नसे, सकाळी चहा दोन वेळ होई, दुपारी वामकुक्षी होई, आणि सर्व मंडळी सुखरूप होती.

आता हे सागवान राज्यात कोठून आले ते आधी सांगणे. शहरात जुना जिमखाना, त्यात बॅडमिंटनचा हॉल, त्याची भुई अस्सल सागवानी फळ्यांची. तेथील पंचांच्या मनात आले की लाकूड आता पुरे, हिरवी रबरी चटई अंथरावी, मग फळ्या उखडून आवारात ढीग घातला आणि त्याजवर कावळे बसू लागले. अच्युतराव भाजीस निघाले होते ते ढीग पाहोन जागीच उभे राहिले, कारण याच फळ्यांवर शके एकोणीसशे तीनात ते आणि हेमलताबाई मिश्र दुहेरीचा अंतिम सामना खेळले, सपाटून हरले, आणि हरल्याचे दुःख हलके करावे म्हणोन उसाचा रस प्यावयास गेले ते लग्न ठरवूनच परतले. भाजी राहिली आणि फळ्या घरी आल्या. मग दत्ताराम मेस्त्री म्हणोन एक कसबी कारागीर, त्यांस पाचारण जाहले, आणि त्यांनी अठरा दिवस खपून दिवाणखान्यात फळीस फळी भिडविली. फळ्यांवर खेळाच्या पांढऱ्या रेघांचे तुकडे होते, कोठे वीतभर, कोठे बोटभर, आणि दारासमोरील फळीवर एक सबंध रेघ आडवी आली होती. मेस्त्री म्हणाले, "साहेब, रंधा फिरवला की ह्या रेघा जातील." राजे म्हणाले, "रेघा राहू द्या." मेस्त्रींनी मान हलविली, वर मेणाचा हात दिला, आणि निरोप घेताना पाच गोष्टी सांगितल्या. "लाकूड फार काही मागत नाही, साहेब. पाणी सांडलं तर लगेच पुसायचं. बाहेरची रेती आत येऊ द्यायची नाही. सामान ओढायचं नाही, उचलायचं. वर्षातून एकदा मेण. बाकी खुशाल चाला, भुई चालायसाठीच असते." राजांनी पहिल्या चार गोष्टी वहीत उतरून घेतल्या, आणि पाचवी ऐकिलीच नाही. पुढील सर्व प्रकरण त्या न ऐकलेल्या गोष्टीपासोन उद्भवले.

मग भुईचा बंदोबस्त सुरू जाहला. पहिला शत्रू रेती. ती पायाला चिकटून येते आणि लाकडास कानसीसारखी घासते, म्हणोन दाराबाहेर एक पायपुसणे आणि दाराआत दुसरे, ऐशा दोन चौक्या बसविल्या. दुसरा शत्रू सामान. त्याकरिता राजांनी जाड नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे कापड, आणोन त्याच्या चकत्या कापिल्या आणि प्रत्येक खुर्चीच्या, टेबलाच्या, पलंगाच्या पायाखाली चिकटविल्या, तेणेकरोन राज्यात खुर्च्यांस जोडे मिळाले आणि माणसांचे जोडे बाहेर राहिले. लोखंडी कपाट हलवावयाचे तर चौघे जण बोलावून उचलून हलविले, हत्ती चालावा तैसे. तिसरा शत्रू ऊन, त्यासाठी पश्चिमेच्या खिडकीस जाड पडदा. गॅसवाला सिलिंडर गडगडवीत आत आणावयाचा, त्यास राजांनी उंबरठ्यावर अडविले, सिलिंडर गोणपाटावर घेतला आणि स्वतः कडेवर घेतल्यागत मुदपाकखान्यापर्यंत नेला, त्यात कंबर धरली आणि तीन दिवस गरम पाण्याच्या पिशवीवर काढिले. येथवर सर्व शास्त्रशुद्ध होते, यात संशय नाही.

चौथा शत्रू पाणी, आणि पाण्याच्या बाजूने द्वारकाबाई. बावीस वर्षे त्यांनी या घराची फरशी बादलीभर पाण्याने, फिनेल टाकून, फडके ठिबकत ठेवून पुसली होती, त्यांस राजांनी सांगितले की फडके पिळून पिळून कोरडे म्हणावे इतके करावे आणि फिनेल बंद. द्वारकाबाई म्हणाल्या, "काका, असं पुसायचं तर मग फुंकरच मारते की." परंतु हुकूम मानिला. पुढे राजे दोन दिवस लग्नकार्यास परगावी गेले, त्या संधीत द्वारकाबाईंस भुई कोरडी दिसली, आणि त्यांनी मायेने घरातील खोबरेल तेलाची अर्धी बाटली तिजवर चोळिली. राजे परत आले तो भुई आरशासारखी, राजे दारातून आत पाऊल टाकतात तो थेट खिडकीपाशी बसले, आणि मागोमाग मुंग्यांचे सैन्य दाखल जाहले. राजांनी बसल्या जागेवरून पुसिले, "तेल कुणी सांगितलं होतं?" द्वारकाबाई म्हणाल्या, "केसाला तेल लागतं, लाकडाला का नको?" मग चार दिवस सर्वांनी मिळून भुसा टाकून आणि सुती फडक्याने घासून तेल काढिले, मुंग्याही कंटाळून गेल्या.

त्यानंतर राजांचे मन अधिकच साशंक जाहले. त्यांनी दाराशी एक वेताची टोपली ठेविली, त्यात लोकरी मोज्यांचे आठ जोड, लहानमोठ्या मापांचे, आणि फर्मान काढिले की जो कोणी दिवाणखान्यात येईल त्याने पाय दोनदा पुसून मोजे घालावे. वैशाखाच्या उकाड्यात लोकरी मोजे घालून चहा पिणारे पाहुणे आम्ही स्वतः पाहिले आहेत. काही हसले, काही घसरले, आणि काहींनी पुढल्या खेपेस दारातूनच ख्याली-खुशाली पुसोन काढता पाय घेतला. हेमलताबाई हे सर्व पाहत होत्या आणि काही बोलत नव्हत्या, आणि राजांस वाटले की न बोलणे म्हणजे रुकार. लग्नास बेचाळीस वर्षे जाहलेल्या पुरुषाने ऐसे समजावे, हे नवलच.

पुढे आषाढ लागला आणि थोरल्या आक्कासाहेब भावाकडे आल्या. या अच्युतरावांच्या वडील भगिनी, उमर एकाहत्तर, आईबाप गेल्यावर याच घरास माहेर म्हणणाऱ्या. या घराण्यात चाल ऐसी की गौरींचे पितळी मुखवटे थोरल्या भावाकडे राहावे, आणि गौर घरात आणावयाची ती माहेरवाशीण आक्कांनीच, दारात दुधापाण्याने पाय धुऊन, कुंकवाच्या पावलांवरून चालत. हेमलताबाई सून होऊन आल्या त्या वर्षापासोन बेचाळीस वर्षांत यात खंड नाही. तर त्या आक्का छत्री मिटून दारात उभ्या राहिल्या, दोन्ही चौक्यांवर पाय पुसिले, इतके निमूट केले, आणि आत येणार तो राजांची दृष्टी त्यांच्या पायांकडे गेली. पायांत चांदीची जाड जोडवी, जुन्या घडणीची, कडेस धार आलेली. राजे टोपलीतून जोड काढून म्हणाले, "आक्का, एवढे मोजे घाल. जोडव्यांनी चरे पडतात." आक्कांनी मोजे हाती घेतले, उलटेसुलटे करोन पाहिले, आणि म्हणाल्या, "अच्युत, बाई माहेरी येते ती जोडवी मिरवत येते. झाकून येत नाही." राजे म्हणाले, "अगं, तसं नाही, लाकूड आहे म्हणून." आक्का म्हणाल्या, "लाकूड आहे ते कळलं मला." मग त्यांनी मोजे पुन्हा टोपलीत ठेविले, नीट घडी घालून, आणि छत्री घेऊन जिना उतरल्या. हेमलताबाई चहाचे कप घेऊन बाहेर आल्या तो दार उघडे आणि राजे एकटे. तो चहा कोणी प्यायले नाही.

श्रावण गेला आणि भाद्रपदाच्या आरंभी आक्कांचा निरोप आला, तोही अच्युतरावांस नव्हे, हेमलताबाईंस. निरोप ऐसा की यंदा गौरी धाकट्या भावाकडे, प्रभाकराकडे, बसतील, त्याच्याकडे फरशी आहे, षष्ठीस तो मुखवटे न्यावयास येईल. राजांनी ऐकोन घेतले आणि म्हणाले, "बसू देत, एक वर्ष तर आहे." परंतु आवाज नेहमीचा नव्हता. पंचमीच्या दुपारी राजे वामकुक्षीतून उठून बाहेर आले तो हेमलताबाई दिवाणखान्यात भुईवर बसलेल्या, पुढे दोन्ही मुखवटे चिंचेने घासून लख्ख केलेले, आणि त्या एकेक मुखवटा गुंडाळीत होत्या. राजांनी निरखून पाहिले तो गुंडाळावयास घेतलेले वस्त्र म्हणजे खुर्च्यांच्या जोड्यांकरिता आणिलेल्या नमद्याचा उरलेला तुकडा. राजांनी पुसिले, "हे कशाला?" हेमलताबाई म्हणाल्या, "रस्त्यात चरा पडायला नको. चरा पडला की जिवाला किती लागतं, ते तुम्हालाच ठाऊक." मग धाकट्या गौरीच्या मुखवट्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बेचाळीस वर्षं ह्या दोघी माझ्याकडे आल्या. आता मी त्यांना बघायला दुसरीकडे जायचं, पाहुणी म्हणून. मला वाईट वाटतंय, आणि तुम्हाला ते कळत नाही ह्याचं जास्त वाटतंय."

राजे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. भुई चकचकीत होती, चरा नाही, डाग नाही, आणि पाहुणाही नाही. त्यांच्या मनात आले की याच फळ्यांवर जिमखान्यात किती वर्षे माणसे धावली, पडली, बूट घासले, घाम गाळिला, खुद्द आपण एक फटका उचलताना गुडघ्यावर आपटलो आणि हेमलताबाई हसल्या, तेव्हा फळ्यांस काही जाहले नाही, आणि आपल्या घरी चार महिने राहिल्या तो त्यांस सख्ख्या बहिणीच्या जोडव्यांचे भय. तेव्हा मेस्त्रींची ती पाचवी गोष्ट, जी कानावरून गेली होती, ती चार महिन्यांनी आत पोहोचली. राजांस लाज वाटली, आणि ही गोष्ट बखरीत लिहावी की नाही याचा आम्ही विचार केला, परंतु लाज वाटणे हे राजास भूषणच, म्हणोन लिहिली.

मग राजे वहाणा पायांत सरकवून तडक आक्कांकडे गेले. आक्का ओसरीवर वाती वळीत बसल्या होत्या, त्यांनी मान वर केली नाही. राजे शेजारी खालीच बसले आणि म्हणाले, "आक्का, माझं चुकलं. तू ये." आक्का म्हणाल्या, "मोजे आणलेस का?" राजे म्हणाले, "नाही." मग आक्कांनी हातातील वात पुरी केली आणि तहाची कलमे सांगितली. "जोडवी घालून येईन. ओल्या पायांनी येईन. पावलांखाली प्लास्टिक नको, कागद नको, चिकटवायची चित्रं तर मुळीच नकोत. आणि पावलं हेमलता नाही काढणार. तू काढायचीस, तुझ्या मुठीनं, तुझ्या लाकडावर." राजे म्हणाले, "कुंकवाचं पाणी लाकडात मुर..." आणि तेथेच थांबले, कारण आक्कांनी आता मान वर केली होती. राजे म्हणाले, "काढतो." आक्कांनी वातींची वाटी बाजूस सारली, आत हाक मारून भावासाठी चहा मागविला, आणि प्रभाकरास कळविण्याचे काम स्वतःकडे घेतले. तो चहा मात्र दोघे मिळोन प्यायले.

भाद्रपद शुद्ध सप्तमी, अनुराधा नक्षत्र, ते दिवशी सायंकाळी आवाहन. टोपली दारातून उचलून माळ्यावर गेली. हेमलताबाईंनी परातीत कुंकू कालवून ठेविले, आणि अच्युतराव गुडघे टेकून उंबरठ्याशी बसले. रीत ऐसी की बंद मूठ कुंकवात बुडवून कडेने भुईवर टेकावयाची, म्हणजे तळवा उठतो, आणि वर बोटांनी पाच ठिपके द्यावयाचे. राजांचा हात परातीवर गेला आणि तेथेच राहिला. चार महिने ज्या भुईवर पाण्याचा थेंब पडो दिला नाही तिजवर आपल्या हाताने लाल पाणी टेकावयाचे, हे लिहिणे सोपे आहे. द्वारकाबाई कोपऱ्यात पिळलेले फडके घेऊन सज्ज उभ्या, त्या म्हणाल्या, "काका, काढा की. पुसायला मी आहे." राजे म्हणाले, "पुसायचं नाहीये, द्वारकाबाई. फडकं ठेवा आणि ताट-चमचा घ्या, वाजवायला." आणि मूठ टेकविली. पहिले पाऊल बदकाचे उठले. हेमलताबाई जवळ बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, इतकी आवळू नका. सैल धरा मूठ, रॅकेट धरल्यासारखी." मग दुसरे पाऊल सरळ उठले, आणि तिसरे नेमके त्या आडव्या पांढऱ्या रेघेवर पडले. हेमलताबाईंनी रेघेवरून बोट फिरविले. "ही आपली सर्व्हिसची रेघ ना?" राजे म्हणाले, "तीच. पाय रेघेवर पडला म्हणजे फॉल्ट." हेमलताबाई म्हणाल्या, "आज पंच आक्का आहेत, त्यांना विचारा." आणि किती महिन्यांनी त्या मोठ्याने हसल्या. ऐशी सात पावले दारापासोन गौरींच्या मखरापर्यंत जाहली, हात लाल, गुडघे दुखावलेले, आणि राजे प्रसन्न.

मग आक्का आल्या. मुखवटे सुपात, डोक्यावरून शालू, पायांत तीच जोडवी. हेमलताबाईंनी दारात त्यांच्या पायांवर दूध घातले, पाणी घातले, आणि आक्का ओल्या पायांनी उंबरठ्यावर उभ्या राहिल्या आणि मुद्दाम क्षणभर थांबल्या. पायांवरून थेंब ओघळले आणि सागवानावर पडले, एक, मग दुसरा, मग पुष्कळ. राजांनी ते पाहिले आणि जागचे हलले नाहीत. द्वारकाबाईंनी ताट वाजविले, आणि रीतीप्रमाणे आतून हेमलताबाईंनी पुसिले, "गौर आली का?" आक्का म्हणाल्या, "आली." हेमलताबाईंनी पुसिले, "कशाच्या पावलांनी आली?" आक्का म्हणाल्या, "अनवाण्या पावलांनी आली." द्वारकाबाईंचा चमचा थांबला, आणि अच्युतराव प्रथम हसले, म्हणोन मग सर्वांस हसता आले. आक्कांनी हसू आवरून पुन्हा नीट सांगितले, "सोन्याच्या पावलांनी आली," आणि कुंकवाच्या पावलांवरून एकेक पाऊल टाकीत, जोडवी वाजवीत, त्या माहेरच्या घरात आल्या. चौथ्या पावलाशी जोडव्याची धार लाकडास लागली आणि बारीक आवाज जाहला. तो सर्वांनी ऐकिला, आणि आक्कांनी पाचवे पाऊल टाकिले. मखरापाशी मुखवटे ठेवून आक्का मागे वळल्या आणि भावास म्हणाल्या, "लाकूड चांगलं आहे हो तुझं. पायाला गार नाही लागत." राजांच्या डोळ्यांत पाणी आले, तेही खाली पडले, आणि तेही कोणी पुसिले नाही.

तिसरे दिवशी गौरींचे विसर्जन जाहले, आक्का खिरीचा डबा घेऊन आपल्या घरी गेल्या, आणि राजांनी ओलसर फडक्याने भुई पुसिली. कुंकू बहुतेक निघाले, परंतु फळ्यांच्या रेषांत फिकट तांबडे राहिले, सातही पावले स्पष्ट दिसत, आणि चौथ्यापाशी केसाएवढा चरा. दत्ताराम मेस्त्री मेणाचा डबा घेऊन आले, त्यांनी वाकून पाहिले आणि म्हणाले, "साहेब, रंधा फिरवला की जाईल हे." राजे म्हणाले, "वरून मेण लावा." मेस्त्रींनी राजांच्या मुद्रेकडे पाहिले, काय समजावयाचे ते समजले, आणि पावलांवरून मेणाचा हात जरा जादाच दिला, ऐसा की ती पावले आता पाण्याने जावयाची नाहीत आणि उन्हाने उडावयाची नाहीत.

एकंदर मतलब इतकाच. दोन पायपुसणी जागेवर आहेत, खुर्च्यांचे जोडे शाबूत आहेत, फडके पिळूनच फिरते, मेण वर्षास एकदा लागते, आणि मोज्यांचे आठही जोड द्वारकाबाईंनी थंडीसाठी गावी पाठविले. राज्यात पुन्हा माणसे येऊ लागली, आक्का तर आठवड्यास एकदा येतात आणि दारात पाय पुसिले की सरळ आत जातात. भुई क्षेमरूप आहे. तिजवर दारातून आत येणारी सात पावले आहेत, आणि बाहेर जाणारे एकही नाही.